गावची शाळा, बाहेरची पोरं

गुरुजी,

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि मंडळाची पोरं काल माझ्या घरी येऊन गेली. तुमच्यावर स्मरणिका काढणार आहेत म्हणे. वर तुमचा टोपीतला फोटो, आत पुढाऱ्यांचे संदेश, शेवटी बिल्डरांच्या जाहिराती. "बाई, तुमी त्यांच्यासंगती इतकी वर्षं काम केलंत, दोन पानं तुमीच लिवा," म्हणाली. चहा पिऊन उठली आणि चपला घालताघालता त्यातल्या एकानं हळूच सांगितलं, "फक्त शाळा बंद झाली ते नका टाकू. उगाच वाद होतात."

मी हो म्हटलं. त्यांना काय द्यायचं ते माझ्या डोक्यात तयार आहे: शिस्तप्रिय, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष. तुम्ही आणि मनमिळाऊ! वाचून तुमच्या सूनबाईलासुद्धा हसू फुटेल. पण शाळा वगळून तुमच्याबद्दल खरं लिहायचं तरी काय? म्हणून हे दुसरं लिहायला घेतलं. हे स्मरणिकेसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. तुम्ही असताना माझं अर्धं बोलणं हातानं उडवून लावायचात. आता तरी पुरतं ऐकून घ्या.

मी रुजू झाले त्या दिवशी तुम्ही फाटकात उभे होतात. पांढरा लेंगा, इस्त्रीचा शर्ट, टोपी. "साताऱ्याच्या का? मग खाडीचा वास सोसायची सवय करा," एवढंच स्वागत. मागं तिवरं, पुढं गाव आणि मधे आपली कौलारू शाळा. चौथीपर्यंतचे वर्ग आणि शिकवणारे आपण दोघंच. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी तुमच्याकडे. मधल्या सुट्टीत तुम्ही मला शाळेच्या चारी बाजूंनी फिरवलं आणि सांगितलं की ही जागा तुमच्या वडिलांनी दिलेली. भाताचं खाचर होतं. पुढं नव्या शहरासाठी गावाची सगळी जमीन गेली, मिठागरं गेली, तुमच्या घरचीही शेतं गेली. एवढा तुकडा तेवढा वाचला, कारण त्यावर शाळा उभी होती. तेव्हा मी नुसती मान डोलावली. मला वाटलं, म्हाताऱ्या मास्तरांना बोलायला कुणीतरी हवं असतं. ती शाळा म्हणजे तुमचं उरलेलं शेत होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तुमचे उपकार मी विसरलेले नाही. विसरता आले असते तर बरं झालं असतं, रागावणं सोपं गेलं असतं. माझी रजा संपली तेव्हा लेक तीन महिन्यांची. जुईनगरच्या खोलीत तिला सांभाळायला कुणी नाही, नवरा रबाळ्याच्या कारखान्यात पाळीवर, सासूबाई गावी. नोकरी सोडायचा विचार करून मी शाळेत आले, तर पहिलीच्या वर्गात तुळईला दोर बांधून तुम्ही झोळी तयार ठेवली होती. साडी तुमच्या घरातली, मऊ, धुऊन आणलेली. "वर्गात एक पोर जास्त झालं, पन पटावर घेता नाय येनार. अजून पाच-सहा वर्सं थांबायला लागंल," म्हणालात आणि स्वतःच्या वर्गात निघून गेलात. मी फळ्याकडे तोंड करून रडले. पोरं 'अ' गिरवत बसली होती. आजही ती झोळी आठवली की तुमच्यावर धड चिडताही येत नाही.

पट. आपल्या दोघांचं निम्मं आयुष्य या एका शब्दात गेलं. पटावर मुलं किती यावर मास्तर किती, खडू किती, कौलं शाकारून मिळणार की नाही, शाळा राहणार की नाही, सगळं ठरायचं. आपल्या शाळेचा जुना पट उघडला की म्हात्रे, पाटील, ठाकूर, पुन्हा म्हात्रे. सगळं गाव तुमच्या हातून गेलेलं. बापाला छडी मारलेली, लेकालाही मारलेली. मग कांदा-बटाट्याचं घाऊक मार्केट आलं, रबाळ्याचे कारखाने आले. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट हातात पडले तसं गावानं जिथं जागा दिसेल तिथं चाळ उठवली. चाळीत भाडेकरू आले. मार्केटात पाठीवर गोणी वाहणारे आमच्या साताऱ्याकडचे, कारखान्यांत लागलेले मराठवाड्यातले आणि कोकणातले बौद्ध. त्यांची पोरं दुसरीकडे कुठं जाणार? पटावर शिंदे, जाधव, भालेराव, कांबळे दिसायला लागले, आणि म्हात्रे-पाटील एकेक करून कमी झाले. ते रिक्षात कोंबून नेरूळच्या इंग्रजी शाळेत जायला लागले. फी भाडेकरूंच्या भाड्यातून निघत होती. भाडं देणाऱ्याचं पोर आपल्याकडे, भाडं घेणाऱ्याचं पोर टाय लावून फाटकासमोरून जायचं.

तुमचा नातूही त्या रिक्षात बसला, त्या दिवशी रिक्षा वळेपर्यंत तुम्ही फाटकातून हलला नाहीत. मुलापुढे तुमचं काही चाललं नव्हतं. मी म्हटलं, "जाऊ द्या गुरुजी, काळ बदलला." तुम्ही म्हणालात, "काल बदलला म्हनून बापजाद्यांनी दिलेली शाला सोडायची?" मला तुमची दया आली होती. ती दया मी फार दिवस जपली, हेही सांगून टाकते.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूनं कुठल्याही कोर्टात सांगीन. भालेरावांचा मुलगा पहिलीत आला तेव्हा गावातल्या दोन बाया शाळेत येऊन म्हणाल्या, पोरांच्या पाण्याचा माठ वेगळा करा. अजून त्यांची पोरं आपल्याकडे होती. तुम्ही उठलात, भालेरावांच्या पोराला हाक मारलीत, त्याच्याकडून माठातलं पाणी काढून घेतलंत आणि त्या दोघींच्या समोर उभ्यानं गटागटा प्यायलात. "आता सांगा, मला कुठला माठ?" असं विचारलंत. दोन्ही बायांनी पुढच्या आठवड्यात पोरं काढून नेली. पट घटला आणि तुम्ही त्याबद्दल कधी हळहळला नाहीत. असा माणूस मी सरकारी नोकरीत दुसरा पाहिला नाही. म्हणूनच पुढचं सगळं पचत नाही. दार तुम्हीच उघडलंत. आत आलेल्यांना मात्र शेवटपर्यंत पाहुणे समजलात.

दर जूनमध्ये आपण पट भरायला निघायचो. तुम्ही गावातली दारं घ्यायचात, मी चाळी. गावातल्या बाया तुम्हाला ओट्यावर बसवायच्या, चहा द्यायच्या, पाया पडायच्या आणि पोर द्यायच्या नाहीत. मी चाळीतून पदराला पोरं लावून परत यायचे. कुणाचा जन्मदाखला नाही, कुणाचं वय आईलाही धड माहीत नाही, कुणाचं नाक वाहतंय. मी दमून खुर्चीत बसले की तुम्ही नावं वाचायचात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "यात गावातलं कोन हाय?"

दर वर्षी, गुरुजी. समोर पंचवीस पोरं उभी असताना.

सविता शिंदे अशाच एका जूनमध्ये आली. आई सुनंदा मार्केटात कांदे निवडायला जायची, बाप गोणी उचलायचा. पोरगी माझ्याकडे दोन वर्षं होती आणि तिसरीत तुमच्याकडे आली. एका महिन्यात तुम्ही मला म्हणालात, "बाई, ही पोरगी पुढच्या वर्षी स्कॉलरशिपला बसवायची. माझ्या हातून गेलेली शेवटची स्कॉलर असंल." शाळा सुटल्यावर तिला थांबवून गणितं घालायचात. तुमच्या घरून आलेली भाकरी आणि सुकट तिच्यापुढे ठेवायचात. सुनंदा मला म्हणायची, "आमच्या सात पिढ्यांत कुणी मास्तरीण न्हाय झालं. गुरुजी म्हंत्यात हुईल." त्या माऊलीनं मार्केटातल्या बायकांनाही हे सांगून ठेवलं होतं.

आता सुट्ट्यांचं बोलू. मुख्याध्यापकाच्या हातात वर्षाला थोड्या स्थानिक सुट्ट्या असतात. गावाचे सणवार बघून द्यायच्या. तुम्ही एक नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी द्यायचात, एक गावदेवीच्या जत्रेला, आणि चैत्रात एकवीरेच्या यात्रेला. त्यात तुमचं काही चुकत होतं असं नाही. सगळं गाव कार्ल्याचा डोंगर चढायचं, शाळेत कोण बसणार? पण पुढंपुढं शाळेत गावातली पोरं उरली बोटावर मोजण्याइतकी, आणि सुट्ट्या त्याच राहिल्या. एकवीरेच्या दिवशी चाळीतली पोरं अंघोळ करून, दप्तर घेऊन यायची आणि कुलूप बघून परत जायची. आणि मग आठवड्याभरात चैत्री पौर्णिमा यायची. आमच्याकडच्या यात्रा तेव्हापासून लागतात. मार्केटातला माणूस मुलाचं लग्न पुढं ढकलील, यात्रा चुकवणार नाही. बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं एसटीत बसायची. त्याच दिवसांत चौदा एप्रिलची जयंती. भालेरावांच्या चाळीतली निम्मी माणसं गावी जायची. परत आलेली पोरं गुलालानं माखलेली पुस्तकं आणि पुडीत रेवड्या घेऊन यायची. तुम्ही आधी गैरहजेरीबद्दल उभं करायचात आणि मग रेवडी तोंडात टाकायचात. मी हसत म्हणायचे, "तुमच्या देवीला सुट्टी आणि आमच्या देवाला गैरहजेरी होय?" तुम्हीही हसायचात. मला वाटायचं, ही आपली थट्टा आहे. तुमच्या मनातली ती पक्की व्यवस्था होती.

सविता तिसरीत होती त्याच वर्षी वरून निरोप आला की पट पडताळायचा आहे. साहेब एक दिवस येऊन डोकी मोजणार, आणि डोकी कमी भरली तर शाळा हायवेच्या पलीकडच्या शाळेत मिसळणार. आसपासच्या शाळांत काय धावपळ उडाली ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणी भाच्यांना बसवलं, कुणी बालवाडीतली पोरं पहिलीत उभी केली. तुम्ही ताठ होतात. आपल्या पटावर एकही खोटं नाव नव्हतं. तुम्ही स्वतः साहेबांकडे गेलात आणि दुपारी पेढा मिळाल्यासारखा चेहरा करून परत आलात.

"बाई, काम झालं. सायेबांना सांगितलं, एकवीरेच्या दिवसांत येऊ नका, आमची पोरां नसतात. त्याच्या पुढच्या आठवड्यात या. ते हो म्हनाले."

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. "गुरुजी, पुढच्या आठवड्यात पौर्णिमा. लगेच जयंती. आपल्याकडे पोर राहणार नाही."

"परीक्षा तोंडावर आलेली असताना कुठं जातील?"

"दर वर्षी जातात. दर वर्षी तुम्हीच उभं करता त्यांना."

तुम्ही टोपी काढून टेबलावर ठेवलीत. मी पुन्हा म्हटलं, तारीख बदलून आणा, अजून वेळ आहे. तेव्हा तुम्ही जे बोललात ते खोटं नव्हतं. म्हणालात, "आता तारीख बदला म्हटलं तर त्यांना वाटंल, म्हातारा भाड्याची पोरां गोला करायला वेल मागतोय. आयुष्यात कधी केलं नाय ते." तुमचा मान तुम्हाला आडवा आला. पण मला त्याहून लागलं ते तुमचं पहिलं वाक्य. आमची पोरां नसतात. त्या वर्षी पटावर गावातली पोरं होती पाच. तुमच्या डोक्यात शाळा अजून त्यांचीच होती. बाकी सगळा वर्ग तुम्ही शिकवत होतात, जेवायला घालत होतात, आणि कॅलेंडर बघताना त्यातलं एकही पोर तुमच्या डोळ्यांपुढं आलं नाही.

मी चाळीचाळीतून फिरले. सुनंदाच्या खोलीत पिशव्या भरलेल्या होत्या, धाकट्या पोराच्या जावळाचं नारळ-कापड वर ठेवलेलं. "बाई, औंदा जावळ हाय. देवाला बोलून ठेवलंय. न्हाय गेलं तर माझी सासू मला उभी जाळंल," म्हणाली. "दोन दिवसांचाच परश्न हाय न्हवं? गुरुजी हायेत की. गुरुजी सांगतील सायबाला." बघा, तिचा तुमच्यावर किती भरवसा होता. भालेराव म्हणाले, "मॅडम, आधी सांगायचं होतं. तिकिटं काढलेली आहेत. पोरांच्या नावाची चिठ्ठी लिहून देऊ का?" चिठ्ठ्या मोजायला साहेब येणार नव्हते.

साहेब आले तेव्हा तुम्ही नवा शर्ट घातला होता. फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार लिहिला होता. ते दोन्ही वर्गांतून फिरले. मोकळ्या पट्ट्यांवर चार इथं, तीन तिथं पोरं. त्यांनी हजेरीकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवून हसले. "गुरुजी, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाले. तुमचा चेहरा मी तेव्हा बघितला. ज्या माणसानं एक खोटं नाव कधी लिहिलं नाही, त्याच्या माथी सगळा पटच खोटा असल्याचा शिक्का. मी मधे पडून सांगायला लागले, यात्रा आहे, जयंती आहे, चार दिवसांनी या, सगळी दाखवते. साहेब म्हणाले, "मॅडम, प्रत्येक शाळेत हेच सांगतात." ते गेल्यावर तुम्ही सुविचार पुसलात, हात झटकलात आणि म्हणालात, "नाक कापलंन माझं या लोकांनी."

या लोकांनी! तारीख तुम्ही दिलीत, गुरुजी.

हे मी तेव्हाच बोलले आणि आपलं तिथून बिनसलं. पण खरा घाव त्यानंतरचा आहे. गावच्या पुढाऱ्यांना शाळा बंद होणार म्हणून दुःख झालं नाही. जागा मोक्याची, तिथं हॉल झाला तर गावाच्या लग्नांची सोय. देवळात बैठक घेतली. मी चाळीतल्या पालकांच्या सह्या-अंगठे घेऊन अर्ज केला होता की शाळा ठेवा, पुन्हा मोजा. सुनंदाचा अंगठा त्यावर पहिला होता. पुढारी तो कागद न बघताच म्हणाला, "भाडेकरूंच्या सह्या काय कामाच्या? आज हायत, उद्या दुसऱ्या चालीत जातील. जागा गावाची हाय." मग सगळे तुमच्याकडे वळले. तुमच्या वडिलांनी दिलेली जागा. तुमचा एक शब्द पुरला असता. गावात तुमच्या शब्दाबाहेर कोण होतं? तुम्ही उपरणं नीट केलंत आणि म्हणालात, "ज्यांची पोरां शिकतात त्यांनाच किंमत नाय, तर मी कोनासाठी भांडू?"

सुनंदा देवळाच्या पायरीखाली उभी होती. तिनं ऐकलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, गुरुजी आमाला म्हन्त्यात व्हय?" त्या माठातलं पाणी पिणारा माणूस मी बघितला होता, तो त्या दिवशी देवळात मला कुठं दिसला नाही.

शाळा बंद झाली. माझी बदली झाली, तुम्ही निवृत्त झालात. पोरांची नावं हायवेच्या पलीकडच्या शाळेत गेली. पोरं सगळी गेली नाहीत. मुलगे गेले, दोनचार मिळून रस्ता ओलांडायला शिकले. मुली राहिल्या. सविताला सुनंदानं थोडे दिवस नेऊन सोडलं, पण तिची मार्केटातली वेळ आणि शाळेची वेळ एकच. कामावर उशीर झाला की दुसरी बाई उभी असतेच. "एकदा का गाडीखाली गेली तर मास्तरीण घिऊन काय करू?" असं म्हणून तिनं पोरीला घरी बसवलं. धाकट्याला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. आता पोरगी आईबरोबर कांदे निवडते. स्कॉलरशिपचं पुस्तक तुम्ही तिला दिलेलं, ते तिनं मला परत आणून दिलं, कव्हर घालून. म्हणाली, "दुसऱ्या कुणाला द्या बाई." मला दुसरी कुणी सापडली नाही.

गेल्या दिवाळीत तुमची तब्येत बिघडल्याचं कळलं म्हणून आले. खाटेवर पडून होतात. मी सविताचं सांगितलं. वाटलं, आता तरी डोळे भरतील. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "हुशार होती. पन शाला त्यांनीच बुडवली, बाई." मी म्हटलं, "गुरुजी, एकदा तरी त्यांना विचारलंत का, त्या दिवशी कुठं होता म्हणून?" तुम्ही म्हणालात, "मुख्याध्यापकानं पालकांच्या दारात जाऊन विचारायचं?" गावातल्या दारात दर जूनमध्ये जातच होतात की. मी चहा न घेता उठले. सूनबाई मागून हाक मारत होती. तुम्ही हाक मारली नाहीत. आपलं भांडण तिथंच लोंबकळत राहिलं, आणि मला वाटत होतं, म्हातारा हट्टी आहे, अजून दहा वर्षं भांडेल. मला ते भांडण हवं होतं. तुम्ही चुकलात हे तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यानंतर कदाचित तुमच्या पायावर डोकं ठेवायचं होतं. दोन्ही राहिलं.

आणि गेलात तेही कधी? चैत्रात, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी.

मला परीक्षेचे पेपर होते म्हणून मी यंदा गावी गेले नव्हते. धावत आले. सगळं गाव लोटलं होतं. टाय लावून गेलेल्या पोरांचे बाप गाड्यांतून उतरले, पुढाऱ्यानं हार घातला, खाडीकडच्या स्मशानाकडे निघताना बाया मोठ्यानं रडल्या. तुम्हाला नेल्यावर ओट्यावर बायका बसल्या आणि तुमची भावजय म्हणाली, "इतकी वर्सं त्यांची पोरां शिकवली दादांनी. सुकट-भाकर घातली. एक तरी भाडेकरू आला का खांदा द्यायला?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी सांगितलं, यात्रेला गेलेत, कुणाला कळलंही नसेल. ती म्हणाली, "यात्रा काय पलून चालली होती?" कुणीतरी पुढाऱ्याच्या माणसांची नावं घेतली, कुठल्या गावाहून कोण आलं, कोण नाही. चाळींचं नाव निघालं की ओठ मुडपायच्या.

चार दिवसांनी मी सूनबाईला भेटायला आले होते. सुतकाचं घर, आत सगळे निजलेले. दारात सुनंदा उभी. एसटीतून उतरून थेट आलेली, स्वतःच्या खोलीचं कुलूपसुद्धा काढलं नव्हतं. केसांत गुलाल, हातात पिशव्या, मागं सविता धाकट्याला कडेवर घेऊन. नाक्यावर कुणाकडून तरी कळलं होतं. ती उंबऱ्याबाहेरच चपला काढून खाली बसली आणि तुमच्या फोटोकडे बघून पदर तोंडात कोंबून रडायला लागली. माझ्यासारखी फळ्याकडे तोंड करून नव्हे, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी.

"बाई," ती मला म्हणाली, "आमी येईस्तवर ठेवायचं न्हवतं का वं? समदी आलो असतो की. मार्केटातली समदी."

आतून सूनबाईचा आवाज आला, "कोन हाय?" सुनंदानं डोळे पुसले आणि पदर नीट करून ती आत जायला उठली. मी तिचा हात धरला.

"नको जाऊ," मी म्हटलं. "तुमची गैरहजेरी त्यांनी कधीच मांडली आहे."